फ्लॉपी मिळाल्यास ताडून पाहणे

आमच्या मोहल्ल्यातील मशिदीत हौजाच्या बाजूच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक तक्ता टांगलेला आहे. वर्षभराच्या नमाजांच्या वेळांचा. खाली कोपऱ्यात अब्बांची सही आणि १९९७ हे साल. अब्बा हायस्कूलला गणित शिकवायचे. अख्खे गाव त्यांना मास्तर म्हणे. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा सुट्टीच्या दिवशीही चावी मागून घेऊन ते त्याच्यासमोर बसत. हा तक्ता त्याच दिवसांतला. त्यावर बघूनच मुअज्जिन अजान देत, आणि त्यावर बघूनच रत्नागिरीजवळच्या आमच्या या लहानशा गावात सहेरी संपे आणि रोजा सुटे.

अब्बांच्या इंतकालनंतर, २०२३ सालच्या रमजानमध्ये, या तक्त्यावरून वाद उभा राहिला. २४ मार्चला पहिला रोजा होता. एकाच्या मोबाईलमध्ये फजरची वेळ ५ वाजून २६ मिनिटे, दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये ५ वाजून ३९, आणि तक्त्यावर ५ वाजून २१. रोजा सोडण्याची वेळ मात्र तक्त्यावर मोबाईलपेक्षा ३ मिनिटे उशिराची. तरावीहनंतर एक तरुण सर्वांसमोर म्हणाला, “मोबाईल बरोबर असेल तर मास्तर चुकले. आणि मास्तर चुकले असतील, तर आपण इतकी वर्षं काय केलं?” तो उद्धटपणे बोलला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. जमातीच्या बुजुर्गांनी तक्ता उतरवला नाही. ते आम्हाला म्हणाले, “तुम्ही घरची माणसं. तपासून द्या.”

आम्ही तिघे भावंडे. थोरली आपा शिक्षिका, मधला बँकेत, धाकटा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिघांनी मिळून अब्बांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत कडेला भोके असलेल्या लांब कागदावर छापलेला प्रोग्रॅम निघाला, टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेला. शेवटचे कागद, म्हणजे तक्ता छापण्याचा भाग, वाळवीने खाल्लेले. त्याखाली एक जाड इंग्रजी पुस्तक होते: ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी ऑन द पर्सनल कॉम्प्युटर’. ऑलिव्हर मॉन्टेनब्रुक आणि थॉमस फ्लेगर या दोन जर्मन लेखकांचे, १९९१ साली इंग्रजीत आलेले. सूर्य, चंद्र आणि ग्रह कोठे असतील ते घरच्या कॉम्प्युटरवर कसे काढावे, हे शिकवणारे. पहिल्या पानावर अब्बांच्या अक्षरात लिहिले होते: ‘फोर्ट, फुटपाथ, १९९६’.

मुंबईला गेले की फ्लोरा फाउंटनच्या आसपास जुनी पुस्तके धुंडाळणे, हा अब्बांचा एकमेव शौक. हे पुस्तक त्यांना स्वस्तात मिळाले असावे, कारण त्यात दोन खोटी होत्या. एक, ते केव्हातरी पाण्यात भिजले होते. दुसरी, त्याच्याबरोबरची फ्लॉपी नव्हती.

त्या काळी अशा पुस्तकांतले प्रोग्रॅम फ्लॉपीवर घालून देण्याची रीत होती. कधी फ्लॉपी पुस्तकाच्या मागे पाकिटात असे, तर कधी वेगळे पैसे भरून मागवावी लागे. बेल्जियमचे ज्याँ मेयस यांचे ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल अल्गोरिदम्स’ हे १९९१ चे पुस्तक घ्या. नमाजाच्या वेळा काढणाऱ्या आजच्या काही प्रोग्रॅम्सचा पाया तेच आहे, आणि त्याची फ्लॉपी स्वतंत्र विकली जात असे. अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या १९८७ च्या पुस्तकात मिनिक्स या कार्यप्रणालीचा प्रोग्रॅम पानोपानी छापलेला होता, पण तो चालवायचा तर फ्लॉप्यांचा संच वेगळा घ्यावा लागे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतले, ते याच मिनिक्सवर काम करत असताना. सांगायचे ते इतकेच की, ही पुस्तके आणि त्यांच्या फ्लॉप्या ही एका आईची दोन लेकरे. पुढे पुस्तक कपाटात राहिले आणि फ्लॉपी कोणी नेली, कोणी हरवली, कोणी पुसून त्यावर दुसरे काही भरले.

अब्बांनी मग पुस्तकात बघून प्रोग्रॅम हाताने टाइप केला होता. भिजलेल्या पानांवर त्यांनी पेन्सिलीने जागोजागी प्रश्नचिन्हे केलेली दिसली. आम्ही मोजली, नऊ होती. एका ठिकाणी समासात लिहिले होते: ‘आकडा अस्पष्ट. ६९८३? ६८९३? फ्लॉपी मिळाल्यास ताडून पाहणे.’

आपाने ते वाक्य मोठ्याने वाचले आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. अब्बांनी आमच्यासाठी कर्ज ठेवले नव्हते, जमिनीचा वाद ठेवला नव्हता. हे एवढे एक काम मात्र अर्धे राहिले होते.

धाकट्याने सुरुवातीला सोपा मार्ग सुचवला: “वर्षभराच्या वेळा मोबाईलवरून काढू आणि तक्त्याशी जुळवू.” पण ज्याच्यावरून वाद, त्यालाच साक्षीदार कसे करायचे? शिवाय दोन मोबाईल एकमेकांशीच जुळत नव्हते. तक्ता ज्या मुळातून आला, त्या मुळाशीच तो ताडायचा, असे ठरले.

आम्ही पहिल्यांदा गेलो कोल्हापूरला. अब्बांचे एक जुने सहकारी तेथे राहतात. त्यांनी कधीकाळी ही फ्लॉपी कोणाकडून तरी उतरवून घेतली होती, असे अम्मीला आठवत होते. त्यांनी बिस्किटांचा डबा काढून दिला. आत अकरा फ्लॉप्या होत्या. नावाच्या चिठ्ठ्यांवरची शाई उडालेली. फ्लॉपी वाचणारे यंत्रही आता घरोघरी नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे ते निघाले. फ्लॉपीच्या आतल्या पातळ चकतीवर लोहचुंबकी लेप असतो आणि त्यातच सगळे साठवलेले असते. दमट हवेत त्यावर बुरशी धरते. त्यांनी एकेक फ्लॉपी उजेडात धरून पाहिली. पांढरे डाग असलेल्या बाजूला काढल्या, कारण त्या घातल्या तर यंत्राचे डोकेही खराब होते. उरलेल्यांपैकी दोन चालल्या. एकीत शाळेचे गुणपत्रक, दुसरीत कोणाच्या तरी लग्नाच्या पाहुण्यांची यादी. ते सहकारी आम्हाला सोडायला एस.टी. स्टँडपर्यंत आले. “मास्तर मला दर भेटीत विचारायचे,” ते म्हणाले, “आणि मी दर वेळी ‘शोधतो’ म्हणायचो.”

दुसरा प्रयत्न एका मोठ्या ग्रंथालयाचा. तेथील जुन्या यादीत पुस्तकाचे नाव होते. आम्ही आनंदाने चिठ्ठी भरून दिली. तासाभराने उत्तर आले: निर्लेखित. म्हणजे जुने म्हणून नोंदवहीतून काढून टाकलेले.

तिसरा प्रयत्न इंटरनेटवर. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेले ‘इंटरनेट अर्काइव्ह’ नावाचे एक विनानफ्याचे डिजिटल ग्रंथालय आहे. जगभरचे लोक आपल्याकडच्या जुन्या फ्लॉप्या आणि सीडी जशाच्या तशा उतरवून तेथे ठेवतात. धाकटा रात्र-रात्र त्यात बसला. इतर कितीतरी पुस्तकांच्या डिस्क सापडल्या, आमची काही हाती लागली नाही. पण त्या शोधातून एक गोष्ट नव्याने कळली. या पुस्तकाची पुढे चौथी आवृत्ती निघाली होती, २००० साली. तिच्यात प्रोग्रॅम सी प्लस प्लस या भाषेत नव्याने लिहिलेले होते आणि सोबत फ्लॉपीऐवजी सीडी होती. लेखक तेच आणि गणितही तेच.

ती आवृत्ती पुण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळाली. पुस्तक मांडणीवर होते, मागचे पाकीट रिकामे. धाकट्याचा चेहरा उतरलेला पाहून ग्रंथपालबाई म्हणाल्या, “थांबा. मुलं सीड्या हरवतात म्हणून मी त्या वेगळ्या ठेवते.” त्यांनी लोखंडी कपाट उघडले. आत बुटांच्या खोक्यात पाकिटे ओळीने लावलेली, प्रत्येक सीडीवर मार्करने पुस्तकाचा दाखल क्रमांक. आमची सीडी त्यांनी दोन मिनिटांत काढून दिली. त्या बाईंनी काही वर्षांपूर्वी केलेली ही शिस्त नसती, तर हा लेखही लिहिला गेला नसता.

सीडी घरी नेणे किंवा तिची प्रत काढणे आम्हाला बरे वाटले नाही. त्यांच्या परवानगीने, तेथेच बसून, बाहेरून जोडायच्या ड्राइव्हमध्ये ती घातली. आपा आणि मधला गावाहून मुद्दाम आले होते. सीडी फिरल्याचा आवाज आला आणि पडद्यावर फाइलींची नावे उमटली. आपाच्या ओठांवर बिस्मिल्लाह होते.

सूर्याची जागा काढणारा भाग धाकट्याने उघडला आणि आकडा वाचला: ६८९३.

अब्बांनी टाइप केला होता ६९८३. म्हणजे अब्बा चुकले होते.

हा आकडा कशाचा, ते थोडे सांगितले पाहिजे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती वाट पूर्ण गोल नाही, किंचित लांबट आहे. त्यामुळे सूर्य आकाशात वर्षातील काही दिवस सरासरीपेक्षा पुढे दिसतो, काही दिवस मागे. ही दुरुस्ती जास्तीत जास्त किती करायची, त्याचा हा आकडा आहे, विकलांमध्ये. एका अंशाच्या ३६०० विकला होतात. अब्बांच्या चुकीने ९० विकलांचा फरक पडत होता, म्हणजे अंशाचा चाळिसावा भाग. पृथ्वी स्वतःभोवती एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. ४ मिनिटांचा चाळिसावा भाग म्हणजे ६ सेकंद. अब्बा जे समासात लिहून ठेवण्याइतके मनाला लावून घेऊन बसले होते, ते जास्तीत जास्त एवढे होते. उरलेल्या आठही प्रश्नचिन्हांच्या जागी त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

आता मोठा प्रश्न राहिला, ५ मिनिटांचा. अब्बांच्या पुस्तकातील उगवती-मावळतीच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ संधिप्रकाशाची होती. सूर्य क्षितिजाखाली १२ अंश असतो ती वेळ ती काढून देई, कारण ती खलाशांच्या उपयोगाची. अब्बांच्या छापील कागदावर त्या जागी १८ होते. ही चूक नव्हती, हा त्यांनी केलेला बदल होता. सुबह सादिकसाठी सूर्य क्षितिजाखाली १८ अंश धरणे ही आपल्याकडे रुळलेली पद्धत आहे. कराचीच्या जामिया उलूम-इ-इस्लामियाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धतही तीच. उत्तर अमेरिकेतील इस्ना ही संस्था १५ अंश धरत आली, आणि अनेक मोबाईलमध्ये ती पद्धत निवडता येते. आमच्या अक्षांशावर या तीन अंशांना १३ मिनिटे लागतात. ५.२६ आणि ५.३९ या दोन मोबाईलांमधले भांडण असे सुटले. दोन्ही गणिते ठीक होती, पण प्रश्न वेगवेगळे विचारले होते.

नव्या सीडीवरच्या प्रोग्रॅममध्ये १८ अंशांची वेळ आधीपासूनच होती. त्याला आम्ही गावाचे अक्षांश-रेखांश दिले आणि पूर्ण वर्ष चालवले. धाकटा पडद्यावरचे वाचत गेला, मधला तक्त्याच्या फोटोवरचे वाचत गेला, आपा वहीत फरक मांडत गेली. जानेवारीत फरक ५ मिनिटे. फेब्रुवारीत ५. मेमध्ये ५, पावसाळ्यात ५, डिसेंबरात ५. कुठे पूर्णांक करण्यात एखादे मिनिट इकडेतिकडे झाले असेल, तेवढेच. मगरिबमध्ये तसाच वर्षभर ३ मिनिटांचा फरक, उलट बाजूने. गणिताची चूक अशी वागत नाही, ती ऋतूबरोबर कमी-जास्त होते. बारा महिने एकसारखा राहणारा फरक माणसाने जाणून ठेवलेला असतो. अब्बांनी सहेरीतून ५ मिनिटे इहतियात म्हणून वजा केली होती आणि इफ्तारमध्ये ३ मिळवली होती. असरची वेळ पुस्तकात नव्हतीच. आम्ही शाफई, काठीची सावली दुपारच्या सावलीपेक्षा काठीइतकी वाढली की आमची असर. ती आम्ही गावी आल्यावर अंगणात काठी रोवून पाहिली. तक्ता बरोबर होता.

येथे लेख संपवला असता तर आमच्या मनासारखा झाला असता. पण आपाच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि आली तेव्हा ती गप्प झाली.

तक्त्यावर ‘सहेरी समाप्त / फजर’ असा एकच रकाना आहे. सहेरी ५ मिनिटे आधी थांबवली तर रोजाला काही धोका नाही. पण फजरची अजान त्याच वेळी झाली, तर ती वक्तच्या ५ मिनिटे आधी झाली. मशिदीतील जमात अर्ध्या तासाने उभी राहते, तिला फरक पडत नाही. घरात मात्र, अजानचा आवाज आला की लगेच मुसल्ल्यावर उभी राहणारी माणसे असतात. बहुतेक बायका आणि म्हाताऱ्या. आमची अम्मी त्यांतलीच.

इहतियात एका फर्जासाठी केलेली, ती दुसऱ्या फर्जाच्या आड आली. अब्बांना गणित येत होते. आकड्यात आपण काय मिसळले आहे ते खाली एका ओळीत लिहायचे मात्र राहून गेले. ६ सेकंदांची शंका त्यांनी समासात लिहिली, ५ मिनिटांची खात्री मनातच ठेवली.

हे जमातीला सांगावे की नाही, यावर आमच्यात दोन दिवस बोलणे झाले. मधला म्हणाला, “तक्ता बरोबर आहे एवढं सांगू, ते खोटं नाही.” आपा म्हणाली, “अब्बांनी स्वतःची चूक पेन्सिलीने लिहून ठेवली. आपण ती पुसायची?” मग अम्मीलाच विचारले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “मास्तर असते तर आधी मशिदीत जाऊन सांगितलं असतं.”

आम्ही वही घेऊन इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी रकाने पाहिले, आणि आम्हाला दमास्कसची एक गोष्ट सांगितली. तेथील उमय्यद मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अश-शातिर हे मुवक्कित होते, म्हणजे नमाजांच्या वेळा काढण्यासाठी नेमलेले जाणकार. त्यांनी मशिदीच्या मिनारासाठी संगमरवरी सूर्यघडी केली. पाचशे वर्षांनी, १८७६ साली, तिच्या जागी तिची प्रत बसवली गेली, आणि मूळ दगडाचे तुकडे आता तेथील संग्रहालयात आहेत. “प्रत काढणं कमीपणाचं नाही,” इमामसाहेब म्हणाले. “आपल्याकडे किताबाची नक्कल झाली की ती मुळाशी लावून वाचायचे. त्याला मुकाबला म्हणत. मुकाबला झाल्याशिवाय नक्कल भरवशाची नाही. दर रमजानमध्ये हजरत जिब्रील (अ.) आणि आपले प्रेषित (स.) कुरआनचा दौर करत. तुमच्या वालिदांनी मुकाबला बाकी आहे असं लिहून ठेवलं होतं. तुम्ही तो केलात.”

जुम्याच्या नमाजनंतर त्यांनी सर्वांना समजावून सांगितले. तो प्रश्न विचारणारा तरुण आमच्याकडे आला आणि नवीन तक्ता छापण्याचा खर्च त्याने मागून घेतला. नव्या तक्त्यावर ‘सहेरी समाप्त’ आणि ‘फजर’ असे दोन वेगळे रकाने आहेत. मगरिबमधील इहतियात जमातीने ३ वरून १ मिनिटावर आणली, कारण इफ्तारला उशीर न करणे हीच सुन्नत. खाली छोट्या अक्षरांत लिहिले आहे: सूर्य किती अंश धरला, किती मिनिटे वजा केली, किती मिळवली, आणि कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या आवृत्तीशी ताडून पाहिले. अब्बांचा जुना तक्ता आता घरी आहे.

इमामसाहेब अम्मीशी पडद्याआडून वेगळे बोलले. काय बोलले ते तिने आम्हाला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. तेव्हापासून ती रोज जोहरच्या नमाजनंतर उठत नाही. आणखी दोन रकात कजा पढते, आणि मग जेवायला बसते.

पुस्तकाच्या त्या पानावर, अब्बांच्या ओळीखाली, आपाने पेन्सिलीने लिहिले: ‘ताडून पाहिले. ६८९३.’ आणि तारीख.

वाचकांना एक विनंती. घरात थोरामोठ्यांची जुनी पुस्तके असतील तर त्यांच्या मागची पाकिटे एकदा उघडून पाहा. फ्लॉपी, सीडी, एखादी चिठ्ठी, जे असेल ते कोरड्या जागी ठेवा आणि त्यावर पुस्तकाचे नाव लिहा. वाचता येत असेल तर वेळ असेपर्यंत उतरवून घ्या. आणि आपण स्वतः काही करून ठेवत असाल, मग तो हिशोब असो, वंशावळ असो की वेळांचा तक्ता, तर त्यात आपण काय मिळवले आणि काय वजा केले ते तेथेच लिहून ठेवा. मागून येणाऱ्यांना ते शोधायला कोल्हापूर-पुणे करावे लागू नये.

अल्लाह आमच्या अब्बांची मगफिरत करो, आणि त्या ग्रंथपालबाईंना सुखी ठेवो. आमीन.